बैलाच्या शिंगावरचे पुस्तक आणि म्हशीच्या पाठीवरची कविता

मराठीत ‘अभ्यास’ हा शब्द आज शाळेशी जखडला गेला असला, तरी पुनःपुन्हा करणे हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘ज्ञानेश्वरी’च्या 12व्या अध्यायात अभ्यासाला काहीच दुष्कर नाही असे प्रतिपादन येते, ते याच अर्थाने. कन्फ्यूशिअसच्या वचनसंग्रहाचा आरंभही शिकलेल्याचा वेळोवेळी सराव करण्यातील आनंदाने होतो. दोन्ही परंपरांनी सातत्याला ज्ञानाचे साधन मानले. मात्र हे सातत्य कोणाच्या वेळातून आणि कोणाच्या संमतीने उभे राहते, हा प्रश्न त्यांच्या आदर्शकथांत सहसा उपस्थित होत नाही. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ने (1987) तो मराठीत ठळकपणे मांडला. या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 1990चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. परंतु तिचे रूढ वाचन ‘जिद्दीची कहाणी’ या चौकटीबाहेर फारसे गेलेले नाही. ही चौकट तपासून पाहण्यासाठी चिनी परंपरेतील आदर्शकथा उपयोगी पडतात.

चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या गेलेल्या ‘त्रि-अक्षरी सूत्रा’त उद्यमशील विद्यार्थ्यांची एक मालिकाच येते. कोणी काजव्यांच्या उजेडात वाचतो, कोणी बर्फाच्या परावर्तित प्रकाशात. कोणी झोप येऊ नये म्हणून केस तुळईला बांधतो. चू माय-छन सरपणाचा भारा वाहताना वाचतो, तर ली मी बैलावर बसून, त्याच्या शिंगांना ग्रंथ अडकवून. हे दोघे परीक्षापद्धती रुजण्यापूर्वीचे पुरुष आहेत. परंपरेने हे सूत्र 13व्या शतकातील वांग यिंग-लिन याच्या नावावर सांगितले जाते. त्या काळी परीक्षा हा राजसेवेचा राजमार्ग झाला होता, आणि जुन्या कथा परीक्षार्थी मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवल्या गेल्या. ली मी पुढे राजसत्तेविरुद्धच्या बंडाचा नेता झाला, याचा उल्लेख पाठात नाही. पाठाला त्याचे आयुष्य नको आहे. त्याचे वाचन तेवढे हवे आहे. अशा रीतीने कष्टाचा प्रसंग आयुष्यापासून तोडला की तो दृष्टान्त होतो.

‘झोंबी’तही जनावर आहे आणि अक्षरही आहे. कागलच्या शेतात जनावरे राखताना, कागद-पेन्सिल जवळ नसल्याने, मुलगा म्हशीच्या पाठीवर काडीने कवितेच्या ओळी लिहितो. वरवर पाहता हा ली मीचा मराठी अवतार वाटावा. पण दोन प्रतिमांतील अंतर मूलगामी आहे. ली मीचा बैल त्याला वाहून नेतो. आंदूची म्हैस हे त्याचे काम आहे, आणि शाळेच्या बदल्यात करावयाच्या कामांपैकी ते एक आहे. शाळेत परत जाण्यासाठी त्याला आईला बरोबर घेऊन गावच्या दत्ताजीरावांकडे जावे लागते. त्यांच्या दबावामुळे वडील तयार होतात, तेही अटी घालून: शाळेआधी शेतावर राबायचे, शाळा सुटल्यावर जनावरे चारायची, काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. येथे अभ्यास ही एकट्या मनाची प्रतिज्ञा राहत नाही; तो एक करार होतो, आणि त्या करारात मुलाची बाजू सर्वांत दुबळी असते.

शीर्षकाचा अर्थ या दृष्टीने ध्यानात घ्यायला हवा. जिद्द एकट्याची असू शकते. झोंबी दोघांवाचून होत नाही. ‘जिद्दीची कहाणी’ असे म्हणताच वाचनातून प्रतिस्पर्धी नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर श्रमव्यवस्थेची चिकित्साही नाहीशी होते. हा प्रतिस्पर्धी केवळ दारिद्र्याचा बळी नाही. आपण गावात मोकळे हिंडावे म्हणून तो मुलाला शेताला जुंपतो, हे निवेदन लपवीत नाही. चिनी सूत्र पोसूनही न शिकवणाऱ्या बापाला सरळ दोषी ठरवते, आणि मुलासाठी घर बदलणाऱ्या मेन्शिअसच्या आईचा गौरव करते. म्हणजे कुटुंबाची जबाबदारी त्यालाही ठाऊक आहे. परंतु ती नीतिवचनाच्या पातळीवर राहते. ‘झोंबी’ तिला रोजच्या कामाच्या तासांत मोजते.

शिवाय केवळ चिकाटीने आंदूचा कवी होत नाही. सौंदलगेकर मास्तर दारातल्या वेलीवर कविता करतात, तेव्हा कवी हाडामांसाचा माणूस असतो हे त्याला प्रथम उमगते. पुनरावृत्तीला अर्थ येतो तो या दुसऱ्या माणसामुळे. पाणी पाजताना एकटेपणा त्याला खुपेनासा होतो, हे या शिकवण्याचे फळ आहे.

शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याची ओळख घोडगंगा सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली आहे. ‘झोंबी’त ऊस आणि गुऱ्हाळ मुलाचे वेळापत्रक ठरवतात; साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांचे वेळापत्रक तोडीचा हंगाम ठरवतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आणि दिवाळीच्या सुमारास ते मध्येच तोडून कुटुंबे गाव सोडतात. अशा गावातील वर्गात ‘झोंबी’ जिद्दीचा धडा म्हणून शिकविली, तर वर्गात नसलेल्या मुलावर आळसाचा आरोप आपोआप होतो. ज्याला म्हशीच्या पाठीवरही लिहिता आले नाही, तो कमी पडला असे ते वाचन सुचवते. कादंबरी मात्र नेमके उलट सांगते: आई, दत्ताजीराव आणि मास्तर यांपैकी एक जरी नसता, तरी ती काडी काडीच राहिली असती.