पानिपतच्या बखरी आणि समाजाचा शोक

आपल्या महाविद्यालयांतून बखरवाङ्मय शिकविले जाते, ते बहुधा दोन शेऱ्यांनिशी: इतिहास म्हणून अविश्वसनीय, गद्य म्हणून ठसकेबाज. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच शेरे विद्यार्थ्यांना उतरवून दिले. आज ते अपुरे वाटतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याने घराघरांत सुतक शिरले. अशा समाजाने लिहिलेल्या ग्रंथात केवळ वृत्तान्ताचा खरेखोटेपणा तपासीत बसणे म्हणजे रडणाऱ्याच्या उच्चारातील चुका काढण्यासारखे आहे.

पहिली बातमी आली तीच आडपडद्याने. नानासाहेबांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रात मृतांची नावे नव्हती. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात ती दडविली होती. पत्र सांकेतिक असणे ही व्यापाऱ्याची सावधगिरी होय. परंतु मराठी मनाने ते आजवर जपले ते सावधगिरीसाठी खचित नव्हे. जे तोंडाने बोलवत नव्हते, ते बोलण्याची एक रीत त्यात सापडली होती.

‘पानिपतची बखर’ रघुनाथ यादवाने गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली, असे परंपरा सांगते. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावांच्या मातोश्री. ज्या रणात आपला मुलगा पडला, त्या रणाची हकीकत त्या माउलीला ऐकावयाची होती! हे ध्यानात घेतले म्हणजे बखरीतील भारतीय युद्धाच्या उपमा आणि फुगलेले आकडे निराळे दिसू लागतात. पुत्रशोकाने पोळलेल्या श्रोत्याला कुरुक्षेत्राखेरीज दुसरे कोणते मोजमाप पुरणार? ही भाषा अलंकाराची खरी. पण तो अलंकार शोकाच्या अंगावरचा आहे.

मात्र या सांत्वनाला किंमतही पडते. ‘भाऊसाहेबांची बखर’ गद्याच्या दृष्टीने अधिक सरस. पण तिच्यात दैव आणि भाऊंचा हट्ट यांवर सारा भार टाकून मन मोकळे होते. छावणीची उपासमार, बरोबर नेलेले बाजारबुणगे आणि यात्रेकरू, उत्तरेत न जुळलेले मित्र, यांची निर्दय झडती पुढे शेजवलकरांसारख्या इतिहासकारांना घ्यावी लागली. लोकस्मृती तर तारखाही आपल्या सोयीने लावते. पानिपताला ‘संक्रांतीचा दिवस’ म्हणण्याची आपली सवय पाहा. १७६१ मध्ये मकरसंक्रमण तीन-चार दिवस आधीच होऊन गेले होते. तरीही ‘संक्रांत कोसळली’ म्हणताना पानिपत आठवते. आणि ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असे म्हणून आपण हसतोही. कोटी करता येऊ लागणे हीदेखील जखमेवर खपली धरल्याची खूण असावी.

या साऱ्यांहून मला नाना फडणिसांचे छोटेखानी आत्मवृत्त अधिक अस्वस्थ करते. रणातून निसटला तेव्हा हा तरुण एकोणिसाव्या वर्षात होता. आई त्या धुमाळीत कायमची गेली. येथे महाभारत नाही, आकडे नाहीत. स्वतःच्या दुबळेपणाची कबुली आहे, आणि आपण का वाचलो याचा उलगडा न झालेला माणूस आहे. पानिपतानंतर थोड्याच काळात हे लेखन थांबते. पुढे इतके मोठे राजकारण केलेल्या पुरुषाने ते पुरे केले नाही, ही गोष्ट मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी.

ज्यांना ग्रंथ लिहावयाचे नव्हते त्यांनी शोक निराळ्या रीतीने केला. भाऊंचा तोतया निघाला. जनकोजी शिंद्यांचाही निघाला, हे ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगावयास नकोच. भाऊंचा तोतया १७७६ मध्ये कोकणात बंड करून उठला तेव्हा अनेकांनी त्याला खरा मानले. त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा विषय रंगभूमीवर आणला. शीर्षकात ‘बंड’ आहे, आणि आपली दृष्टीही बंडावरच खिळते. पण भोंदू माणूस इतकी वर्षे चालतो तो त्याच्या एकट्याच्या चातुर्याने नव्हे. मेलेला माणूस परत यावा असे वाटणारे लोक त्याच्याभोवती असावे लागतात.

पार्वतीबाईंनी सौभाग्याची चिन्हे कधीच उतरविली नाहीत. पेशव्यांच्या दरबारानेही त्यांना तशी सक्ती केली नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या. आणि मग त्यांच्याबरोबर भाऊंचीही उत्तरक्रिया झाली. पानिपताला तेव्हा बावीस वर्षे लोटली होती.