स्वर्गांतील बंड आणि शहरांतील देवदूत

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडींत ज्यांस उभें राहावयास चार बोटें जागा मिळते, ते स्वतःस भाग्यवान् समजतात. तेवढ्याशा जागेंतहि कांहीं तरुण मंडळी पुस्तक उघडून वाचीत असतात, ही गोष्ट आम्हांस नेहमींच आनंदाची वाटत आली आहे. मात्र तीं पुस्तकें कोणतीं हें पाहण्यासाठीं आम्हीं मान जरा लांब केली, तेव्हां त्यांत एक प्रकार वारंवार आढळूं लागला. स्वर्गांतील देवदूत आणि नरकांतील सैतान एखाद्या महानगराच्या गल्ल्यांतून, भुयारी रेल्वेंतून आणि उपाहारगृहांतून एकमेकांशीं लढत आहेत, जगाचा अंत अगदीं उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे, आणि हें सर्व एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवांचून कोणासच ठाऊक नाहीं!

आमच्या वयाच्या प्राध्यापकांनीं अशा पुस्तकांकडे पाहून नाक मुरडावें, असा रिवाज आहे. परंतु ज्या मनुष्यानें पंचवीस वर्षें मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' शिकवून पोट भरलें, त्यास देवदूतांच्या लढाईची कथा पोरकट आहे असें म्हणण्याचा अधिकार राहत नाहीं. म्हणून आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांकडूनच यांतील कांहीं पुस्तकें मागून घेतलीं आणि एका दीर्घ सुटींत तीं वाचून काढलीं. त्या वाचनाचें फळ वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या प्रकारास इंग्रजींत जें नांव पडलें आहे, त्याचा अर्थ 'नागर अद्भुतकथा' असा करतां येईल. जुनी अद्भुतकथा वाचकास दूर नेत असे. तिचा राजपुत्र सात समुद्रांपलीकडे जाई. नागर अद्भुतकथा उलट वाटेनें चालते. ती अद्भुतास आपल्या आळींत आणून बसविते. देवदूत शेजारच्या बिऱ्हाडीं राहतो, सैतान मोटार हांकतो, आणि रोजच्या रस्त्याकडे पाहण्याची आपली दृष्टि क्षणभर बदलते. या युक्तींत कमीपणा मानण्यासारखें कांहींच नाहीं.

ही युक्ति नवीनहि नाहीं. आनातोल फ्रांस या फ्रेंच कादंबरीकारानें १९१४ सालींच 'देवदूतांचें बंड' या अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली. पॅरिसमधील एका धनाढ्य घराण्याचें मोठें ग्रंथालय आहे. त्या घरच्या उडाणटप्पू तरुणाचा रक्षक देवदूत तेथील पुस्तकें गुपचूप वाचीत बसतो आणि वाचतां वाचतां त्याची ईश्वरावरील श्रद्धाच उडून जाते. मग शहरांत वेषांतर करून राहिलेले इतर देवदूत त्याला भेटतात. कोणी गवयी झाला आहे, कोणी माळी, तर कोणी बाँब तयार करण्यांत गुंतला आहे. सर्वांचा निश्चय होतो कीं, स्वर्गावर पुन्हां चाल करावयाची. अखेरीस सेनापतिपद देऊं करण्यासाठीं ते सैतानाकडे जातात. त्या रात्रीं सैतानास स्वप्न पडतें: आपण जिंकलों, सिंहासनावर बसलों, आणि हळूहळू आपण ज्याचा पाडाव केला त्याच्यासारखेच कठोर व स्तुतिप्रिय होत चाललों. जागा झाल्यावर तो लढाईस नकार देतो. ज्या जुलमी राजास उलथावयाचें तो आपल्या आंतच बसलेला आहे, हें त्यास कळून चुकलेलें असतें.

हल्लींच्या लेखकांस हा शेवट पुरता पचलेला दिसत नाहीं. कॅसांड्रा क्लेअर या लेखिकेची 'सिटी ऑफ बोन्स' ही कादंबरी २००७ सालीं निघाली आणि तिचा विस्तार पुढें सहा भागांचा झाला. न्यूयॉर्कमध्यें राक्षसांचा संहार करणारी एक जमात राहते. तिच्या अंगांत देवदूताचें रक्त आहे, आणि सामान्य माणसांस ती दिसत नाहीं. कथा वेगवान् आहे, संवाद चुरचुरीत आहेत, आणि महानगराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांचें वर्णन करण्यांत लेखिकेचा हात धरणारे थोडेच. तथापि आमची तक्रार मुळाशींच आहे. येथें सद्गुण बहुतांशीं रक्तावरून ठरतो. जो देवदूताच्या कुळांत जन्मला तो योद्धा. बाकीचे बापडे वाटसरू. लेखिकेस या कुलाभिमानांतील दोष दिसत नाहीं असें नाहीं. तिनें त्यावरच कथेचे पुष्कळ पेंच रचले आहेत. पण ज्या देशांत जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा प्रकार शतकानुशतकें चालला, तेथील वाचकानें तरी अशा रक्तमहात्म्याची मोहिनी डोळे मिटून स्वीकारूं नये.

यापेक्षां टेरी प्रॅचेट व नील गेमन यांची १९९० सालची 'गुड ओमेन्स' आम्हांस अधिक शहाणी वाटली. तिच्यांतील देवदूत लंडनमध्यें जुन्या पुस्तकांचें दुकान चालवितो, आणि सैतानाचा हस्तक त्याचा सहा हजार वर्षांचा स्नेही आहे. दोघांनाहि पृथ्वीची संवय झाली आहे. आपापल्या वरिष्ठांचे हुकूम पाळण्यापेक्षां येथील जेवणखाण आणि संगीत त्यांना प्रिय आहे. जगाचा नाश करण्यासाठीं जन्मलेलें मूल जन्मकाळच्या घोटाळ्यामुळें भलत्याच घरीं वाढतें आणि वेळ आली असतां आपलें विहित कार्य करावयाचेंच नाकारतें. विनोदाच्या आवरणाखालीं लेखकद्वयानें एक गंभीर गोष्ट सांगितली आहे. स्वर्ग व नरक या दोन कचेऱ्यांचें भांडण कितीहि मोठें असलें, तरी निकाल अखेर एका साध्या मुलाच्या मनांत लागतो, कारण त्याला आपला गांव आणि आपले सवंगडी आवडतात.

आतां आमच्या भाषेकडे वळूं. स्वर्गांतील बंड ही कथा मराठीस परकी आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मिल्टनचें काव्य १६६७ सालीं प्रसिद्ध झालें, त्यापूर्वीं ५१ वर्षें हीच कथा मराठी ओवींत छापून निघाली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टीच्या खेड्यांतून राहिला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें 'क्रिस्तपुराण' राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारे ११,००० ओव्यांच्या त्या ग्रंथाच्या पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति येते आणि गर्वानें फुगलेल्या ल्युसिफराचा अधःपातहि येतो. विशेष हें कीं, ही कथा सांगतांना त्या परदेशी कवीनें आपल्याच घरांतील शब्द उचलले. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. ज्या श्रोत्यांनीं लहानपणीं पुराण ऐकलें, त्यांना नवें पुराण जुन्याच चालीवर ऐकवावें, अशी त्याची योजना होती.

परंतु शब्द उचलला कीं त्याच्याबरोबर त्याचा गोतावळाहि येतो. सैतानासाठीं गोव्याच्या ख्रिस्ती वाङ्मयांत 'देवचार' हा शब्द रूढ झाला. त्याच गोव्यांतील हिंदु खेडुतास विचारा. देवचार म्हणजे गांवाची वेस राखणारा, रात्रीं हातांत काठी घेऊन फिरणारा राखणदार! एकाच नदीच्या एका तीरावर जो रक्षक, तोच दुसऱ्या तीरावर वैरी ठरला. हा प्रकार याहून कितीतरी जुना आहे. आमच्या संस्कृत ग्रंथांत देव पूज्य आणि असुर निंद्य. इराणी लोकांच्या अवेस्तांत अहुर पूज्य आणि दएव निंद्य. ज्यांनीं हा दुसरा पक्ष जतन केला, त्या पारशांनीं आपला पवित्र अग्नि आमच्याच पालघर जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांतील बहरोटच्या डोंगरांत कांहीं काळ लपवून ठेविला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. संकटांत सांपडलेल्या त्या दएवनिंदकांस आश्रय कोणीं दिला? देवांची पूजा करणाऱ्यांनींच!

यावरून सत् आणि असत् हा भेदच खोटा आहे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाहीं. खून हा दोन्ही तीरांवर खूनच असतो, आणि विश्वासघात कोणत्याहि भाषेंत गोड होत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, असत् काय हें ओळखणें सोपें नसून तें शेजाऱ्याच्या देवाचें नांव पाहून ओळखतां येत नाहीं. आमच्या पुराणकारांस याची जाणीव होती. देव आणि दैत्य हे एकाच कश्यपाचे पुत्र. एक अदितीचे, दुसरे दितीचे. समुद्रमंथनांत दोरीचें एक टोंक देवांच्या हातीं, दुसरें दैत्यांच्या. प्रल्हाद दैत्यकुळांतच जन्मला, आणि बळीचें राज्य यावें असें मागणें दिवाळींत घरोघर मागितलें जातें. ज्या लढाईंत दोन्ही बाजूंस भाऊबंद आहेत, ती पाश्चात्त्य कथेंतील लढाईपेक्षां अधिक दुःखाची असते. आणि जें अधिक दुःखाचें, तें कादंबरीस अधिक उपयोगी पडतें.

असें असतां मराठींत अशी नागर अद्भुतकथा कां फोफावली नाहीं? नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं या वाटेवर बरेंच अंतर तोडलें होतें. त्यांच्या 'समर्थ' कथांत दुष्ट शक्तीशीं झुंजणारा पुरुष आहे, आणि त्या शक्तीच्या तडाख्यांत सांपडणारीं माणसें तुमच्याआमच्यासारखीं मध्यमवर्गीय आहेत. त्यांचीं भुतें आमच्या ओसरीवर बसतात, हें त्यांचें मोठें यश. परंतु त्यांच्या कथेचें बळ भयांत आहे. वाडा, तळघर, अंधार यांत तें खुलतें. लक्षावधि लोकांच्या शहराचा प्रश्न त्यांनीं फारसा हातीं घेतला नाहीं. त्यांच्यामागून येणारांनीं तो घ्यावयास हवा होता. त्याऐवजीं आज आमचे होतकरू लेखक लंडन-न्यूयॉर्कचे देवदूत आणतात आणि त्यांना मराठी नांवें देतात. नांव बदललें म्हणून पंख येथल्या वाऱ्यावर उडत नाहींत.

आम्ही जेथें राहतों, त्या वसई-विरारचेंच उदाहरण घ्या. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. केळीच्या बागा आणि मिठागरें जाऊन इमारतींचे डोंगर उभे राहिले. गर्दीच्या माणिकपूरांत संत मायकलचें चर्च आहे. ज्या देवदूतानें स्वर्गांतून सैतानास हांकून लावलें असें बायबल सांगतें, त्याच्या नांवाचें मंदिर रेल्वे स्थानकाच्या शेजारांत! सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उकरून काढलेला स्तूप आहे. ज्याची पूजा तेथें होई, त्या बुद्धानें माराच्या सैन्याशीं लढाई केली ती आसनावरून न हलतां. निर्मळची आख्यायिका परशुराम व विमलासुर यांची. दीड-दोन तासांच्या पायपिटींत तीन धर्मांचीं तीन युद्धें आढळावीं, असें भाग्य किती शहरांच्या वाट्यास येतें?

शिवाय इतिहासहि आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली. देवळें पडलीं, चर्चें उठलीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला, आणि वसईच्या चर्चांतील घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकींच एक असें सांगतात. जी घंटा एका श्रद्धेसाठीं ओतली गेली ती दुसऱ्या श्रद्धेचा प्रहर वाजवूं लागली, आणि तिचा नाद तर बदलला नाहीं! एखाद्या देवदूतास त्या घंटेबरोबर रक्षक म्हणून पाठविलें होतें असें समजूं. तो आतां कोणाच्या बाजूचा? वसईस परत जाण्याचा हुकूम आला, तर तो काय उत्तर देईल? आम्हांस कादंबरी लिहितां येत नाहीं, नाहींतर हा विषय दुसऱ्यास दिला नसता.

यावर कोणी म्हणेल कीं, पोरांच्या करमणुकीच्या पुस्तकांवर एवढा विचार कशास लादावा? गाडींतला तास निघून गेला म्हणजे झालें. या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. पण करमणुकीचीं पुस्तकेंच आपण सर्वांत असावधपणें वाचतों, आणि असावधपणें वाचलेलें मनांत खोल उतरतें. ज्या तरुणानें वीस पुस्तकांतून शत्रु हा दिसण्यावरूनच ओळखूं येतो असें वाचलें, त्याच्या हातीं उद्यां कोणी एखाद्या जमातीची यादी दिली, तर तो ती तपासून पाहील काय? अलीकडे गांवांतील चौकांत आणि हातांतल्या यंत्रावर माणसें माणसांस राक्षस म्हणतांना आम्हीं ऐकलें आहे, आणि म्हणणारांत आमचे माजी विद्यार्थीहि होते. तेव्हां या कादंबऱ्यांचा विचार आम्हांस फावल्या वेळचा उद्योग वाटत नाहीं.

आमच्याच भूमींत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' लिहिलें तें सर्व मराठी वाचकांस समजावें म्हणून. २०२० सालीं उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें तें मराठीचे लेखक म्हणून. २०२४ सालीं ते गेले. परक्या वाटणाऱ्या कथेस आपल्या बोलींत घर बांधून देतां येतें, हें स्टीफन्सपासून त्यांच्यापर्यंत चारशें वर्षें सिद्ध होत आलें आहे. आतां कादंबरीकाराची पाळी आहे. त्यानें देवदूत अवश्य आणावेत, सैतानहि आणावेत. पण त्यांना येथील गाडींत उभें करावें, पावसाळ्यांत तुंबलेल्या नालासोपाऱ्याच्या पाण्यांतून चालवावें, आणि त्यांच्यापैकीं कोण कोणता हें वाचकास शेवटच्या पानापर्यंत स्वतःच ठरवूं द्यावें. असें पुस्तक निघाल्यास तें आम्ही विद्यार्थ्यांकडून मागून न घेतां विकत घेऊं.