चेहऱ्यावरची पेन्सिल

कृष्णधवल छायाचित्राविषयी आपल्याकडे दोन समजुती एकाच वेळी नांदत असतात. एक अशी की, रंग नसल्यामुळे ते जुनाट आणि अपुरे असते. दुसरी अशी की, रंग नसल्यामुळेच ते खरे असते. रंगीत चित्र सजवता येते, कृष्णधवल मात्र जे समोर होते तेच दाखवते, असे पुष्कळांना मनापासून वाटते. पहिल्या समजुतीचा समाचार काळानेच घेतला आहे. हल्ली लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हौसेने दोनचार पाने कृष्णधवल करून घेतात. दुसरी समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. बीड जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामांत घरोघरी भिंतीवर दिवंगतांची मोठी केलेली छायाचित्रे लावलेली असतात. त्यांपैकी केवळ कॅमेऱ्याने काढलेली फार थोडी. बाकीच्यांवर कुणाचा तरी हात फिरलेला असतो. तो हात केव्हा उपकार करतो आणि केव्हा अन्याय, हे ओळखता यावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हाताकडे वळण्यापूर्वी यंत्राची झाडाझडती घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. तांबड्या आणि तपकिरी रंगांच्या बाबतीत त्या जवळजवळ आंधळ्याच होत्या. म्हणून जुन्या चित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे दिसते आणि सावळा माणूस होता त्याहून काळा दिसतो. पुढे कोरड्या काचा आल्या, हिरवा रंग ओळखू शकणारे लेप आले; परंतु तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले, आणि सर्वसामान्य स्टुडिओत त्या रुळायला आणखी कितीतरी वर्षे लागली. याचा अर्थ असा की, ज्या काळात आपल्या लोकांची पहिली छायाचित्रे निघाली त्या काळात, निदान त्वचेच्या वर्णाबाबत, कॅमेरा हा भरवशाचा साक्षीदार नव्हता. गोऱ्या साहेबाला त्याने फारसे बिघडवले नाही. आपल्या माणसाला बिघडवले.

आता पेन्सिल. स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हवर आधी एक पातळ चिकट लेप लावी, म्हणजे शिसे धरते. मग ती काच खालून उजेड येणाऱ्या उतरत्या चौकटीवर ठेवून, सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने तो तिच्यावर बारीक ठिपके आणि रेघा भरत बसे. निगेटिव्हवर ठिपका पडला की तेथून कागदावर प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून छापात ती जागा उजळ होते. सुरकुती, डोळ्याखालचे वर्तुळ, पुटकुळीचा डाग अशा रीतीने बुजवता येई. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पेन्सिलीने चेहरा फक्त उजळ करता येतो, गडद करता येत नाही. गडद करायचे तर पात्याने लेप खरवडावा लागे, आणि त्यात हात चुकला की काच वाया. सोपी वाट गोरेपणाकडे जाणारी होती. गिऱ्हाइकाची हौस त्याच दिशेची असल्यामुळे कारागिराला कधी थांबावे लागले नाही.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. म्हणून आपल्या मुलुखाच्या संदर्भात या कलेचा विचार हैदराबादच्या राजा दीनदयाळ यांच्यापासून सुरू करणे प्राप्त आहे. त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळ सरधना येथे, जैन कुटुंबात झाला. (बेगम समरूने बांधलेल्या आणि आता बॅसिलिकेचा मान असलेल्या पवित्र मातेच्या मंदिरामुळे सरधना हे नाव आमच्या काही वाचकांच्या ओळखीचे असेल.) रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, नोकरी करता करता जडलेला छायाचित्रणाचा नाद आणि अखेर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकाराचे पद, असा त्यांचा प्रवास झाला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. १८९६ मध्ये मुंबईला शाखा काढली. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या संस्थेच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

दीनदयाळांची दरबारी व्यक्तिचित्रे पाहताना प्रथम जाणवते ती त्यांची शिस्त. प्रकाश एका बाजूने, नेमका. जरीचा पोत, तलवारीची मूठ, गालिच्याची नक्षी ही सारी आपापल्या जागी. चेहरा मात्र अलिप्त असतो. बसणाऱ्याचा हुद्दा आपल्याला पुरेपूर कळतो, त्याचा स्वभाव क्वचितच. याचा दोष आम्ही कलावंताला देणार नाही. त्याला पैसे मिळत होते ते हुद्द्याचे चित्र काढण्याबद्दल.

परंतु याच संस्थेने औरंगाबाद भागातील दुष्काळ-निवारणाच्या कामांचीही छायाचित्रे घेतली आहेत. निजाम सरकारच्या या कामांच्या चित्रांवर १८९५ ते १९०२ असा काळ नोंदलेला आढळतो. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ याच वर्षांतला. औरंगाबाद म्हणजे आमच्या शेजारचाच मुलूख, आणि दुष्काळाला तालुक्यांच्या सीमा ठाऊक नसतात. ही चित्रे सरकारचे काम दाखवण्यासाठी काढलेली आहेत. त्यांना नाव आहे ते योजनेचे. त्यांतल्या माणसांना नाव नाही. या चेहऱ्यांवर पेन्सिल फिरवण्याचे कुणाला काही कारणच नव्हते, कारण पैसे मोजणारे गिऱ्हाईक ते नव्हते. मग ज्याच्यावर हात फिरला नाही ते चित्र खरे, असे म्हणायचे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. काचेने सावळ्या वर्णाबाबत जी चूक करायची ती येथेही केलीच असणार; ती दुरुस्त करण्याची तसदी मात्र कुणी घेतली नसणार. सरदाराच्या चेहऱ्यासाठी यंत्राची चूक सुधारली जाते आणि उपाशी माणसाच्या चेहऱ्यासाठी ती तशीच राहू दिली जाते, हा भेद डोळ्यांआड करून त्याला सत्य म्हणता येणार नाही.

ख्रिस्ती म्हणून आम्हाला येथे थोडे अवघडल्यासारखे होते. त्याच काळात परदेशी वाचकांकडून मदत गोळा करण्यासाठी मिशनांच्या नियतकालिकांतूनही अनाथ मुलांची छायाचित्रे छापली जात: आश्रमात आले तेव्हाचे हाडकुळे मूल आणि अन्न मिळाल्यावरचे तेच मूल, शेजारी शेजारी. हेतू दयेचा होता, आणि त्या पैशाने जीव वाचले, हेही खरे. तरीही ज्याचे चित्र होते त्याला कुणी विचारले नव्हते.

संपादनाचा एक जुना प्रकार तर याहून धीट आहे. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत पश्चिम भारतातील जातीजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील माणसे एका ठिकाणी टिपली आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा जोडला. कडा नीट न्याहाळल्या तर कातरीची वाट कळून येते. हे वाचून हसू येत असेल, तर बीडच्या बाजारातल्या कोणत्याही फोटोच्या दुकानात आज काय चालते ते पाहावे. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात कुणी दगावले की भिंतीवर लावायला फोटो सापडत नाही. सापडते ते ओळखपत्र. १९९३ नंतर निघालेल्या मतदार ओळखपत्रावरचा डाग पडलेला कृष्णधवल चेहरा हे आमच्याकडील कितीतरी म्हाताऱ्यांचे आयुष्यातले पहिले, आणि काहींचे एकमेव, छायाचित्र होते. आता त्याची जागा आधार कार्डाने घेतली आहे. त्या बोटभर चेहऱ्यावरून मोठे चित्र करायचे म्हणून संगणकावर चेहरा कापतात, कोट घातलेल्या किंवा काठापदराचे लुगडे नेसलेल्या कुणा अनोळखी धडावर बसवतात आणि मागे निळसर ढग आणतात. जन्मभर कोट न घातलेला माणूस मरणोत्तर कोट घालून भिंतीवर बसतो.

या प्रकाराची टवाळी करणे सोपे आहे, पण आम्ही ती करणार नाही. घरच्यांना आपला माणूस सन्मानाने दिसावा असे वाटते, आणि हयातीत त्याला तो सन्मान मिळालेला नसतो. कोट क्षम्य आहे. आमचा आक्षेप चेहऱ्यापाशी सुरू होतो. चित्र उजळ करताना कारागीर कातडीचा वर्ण दोनतीन छटांनी उतरवतो, कपाळावरच्या आठ्या पुसतो, उन्हाने डोळ्यांच्या कोपऱ्यांत पडलेल्या घड्या नाहीशा करतो. पूर्वी या कामाला पेन्सिलीचे दोन तास लागत, तेवढ्या वेळात निदान तो चेहरा निरखला तरी जाई. आज एक कळ दाबली की काम होते. पुष्कळ मोबाईल तर फोटो काढतानाच न विचारता चेहरा गुळगुळीत करून टाकतात. आजी गेली तेव्हा जी नातवंडे लहान होती, त्यांना भिंतीवरची ती गोरी, सपाट गालांची बाई हीच आपली आजी म्हणून माहीत होणार.

वास्तविक कृष्णधवल माध्यमात सावळ्या चेहऱ्याला न्याय देणे मुळीच अशक्य नाही. अडचण कुठे येते ते समजून घेतले म्हणजे झाले. आमच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, मागे चुन्याने रंगवलेली भिंत. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. इतके पांढरे पाहून तो प्रकाश कमी करतो आणि मधला चेहरा बुडतो. जाणता छायाचित्रकार प्रकाश चेहऱ्यावर मोजतो, माणसाला भिंतीपासून दूर, ओसरीच्या सावलीत दाराकडे तोंड करून बसवतो. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली छाप काढताना तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने चेहऱ्यावरचा प्रकाश काही क्षण अडवला की चेहऱ्यातले तपशील उघडे होतात. टोपीला काही क्षण जास्त दिले की तिच्या कापडाची वीण दिसू लागते. हेही संपादनच आहे. परंतु निगेटिव्हमध्ये जे आहे तेच ते बाहेर काढते, नसलेले काही आणत नाही. संगणकावर रंगीत चित्राचे कृष्णधवल करतानाही हाच विवेक लागतो. त्यात तांबड्या रंगाला झुकते माप दिले की त्वचा उजळते आणि डाग विरतात; निळ्या-हिरव्याला दिले की वर्ण गडद होतो आणि प्रत्येक रेघ बोलू लागते. पहिली खुशामत, दुसरी क्रूरता. मधली जागा त्या त्या माणसाकडे पाहून ठरवायची असते, आणि ती ठरवण्यातच कारागिराची परीक्षा होते.

गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांचे ‘चेहरे’ हे पुस्तक या दृष्टीने पाहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या या छायाचित्रकाराने तारेतारकांचे सौंदर्य खुलवले ते प्रकाशाच्या मृदूपणाने. त्यांच्या चित्रांत प्रकाश कातडीला बोचत नाही. ती पाहताना मन प्रसन्न होते. मात्र पाने उलटता उलटता आम्हाला एखाद्या उन्हाने रापलेल्या कपाळाची भूक लागते. प्रसिद्ध माणसांच्या चित्रणाला ही मर्यादा बहुधा राहणारच.

या विषयातले सर्वांत बोधक उदाहरण मात्र आपल्या देवघरांतच आहे. लिझ्यूच्या संत तेरेजाची थोरली बहीण सेलिन १८९४ साली कार्मेल मठात दाखल झाली ती आपला कॅमेरा घेऊन. तेरेजाची ४७ छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, आणि मठातली बहुतेक सेलिनने काढलेली आहेत. ७ जून १८९७ रोजी, मृत्यूला चार महिनेही उरले नसताना, बाळ येशू आणि पवित्र मुख यांची चित्रे हाती धरून तेरेजा तिच्यासमोर बसली. काही सेकंद निश्चल बसावे लागत असल्याने चेहऱ्याचा सहजपणा हरवतो, अशी सेलिनची खंत होती. म्हणून तिने छायाचित्रांवर हात फिरवला, स्वतः चित्रेही रेखाटली. गुलाब आणि क्रूस धरलेली, गोड, किंचित बाहुलीसारखी जी तेरेजा जगभर पोहोचली ती सेलिनच्या हातची. १९६१ साली, सेलिनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मूळ छायाचित्रे जशीच्या तशी प्रसिद्ध झाली तेव्हा भाविकांना धक्काच बसला. ठाम जिवणी, रुंद हनुवटी, थेट पाहणारे डोळे, आजाराने थकलेली त्वचा. ही मुलगी गोड नव्हती, खंबीर होती. सेलिनच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तिने जे पुसले ते प्रेमापोटीच पुसले, आणि आमच्याकडील मुलगे-सुना दुकानदाराला ‘जरा गोरा करा’ म्हणून सांगतात तेही प्रेमापोटीच. पण सेलिनच्या काचा मठाने जपून ठेवल्या होत्या, म्हणून खरी तेरेजा आपल्याला परत मिळाली.

जाता जाता एक भाषिक टीप. गीतरत्नातील वधू आपण काळी आहोत हे सांगून लगेच आपल्या सौंदर्याचा उच्चार करते. या दोन शब्दांच्या मध्ये लॅटिन भाषांतराने ‘पण’ घातले. सेमिनरीत हिब्रू शिकवणारे सांगत की मुळातले अव्यय ‘आणि’ असेही वाचता येते. सगळे रिटचिंग त्या ‘पण’मधून निघाले आहे असे आम्हाला कधी कधी वाटते.

ज्या घरांत येत्या काळात असे मोठे चित्र करून घ्यायचे असेल त्यांनी दुकानदाराला दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात: डाग आणि चिरा काढा, वर्ण आणि सुरकुत्या राहू द्या. ज्या मूळ फोटोवरून किंवा कार्डावरून चित्र केले तो फोटो, ते कार्ड फेकू नये. संगणकावरील न सुधारलेली प्रतही मागून घ्यावी. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब आणि शाई कागदातून पुढच्या बाजूला उमटते.