नसलेला घुमट

युरोप पाहून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिकडे सगळं कसं स्वच्छ असतं. आणि दोन, चर्चं पाहून पाहून मान दुखली. पहिलीवर माझा फारसा विश्वास नाही. दुसरी मात्र सोळा आणे खरी. इतर कलांना मान द्यावा लागतो. युरोपातल्या छतांना मान द्यावी लागते, आणि तीही पार पाठीमागे टाकून.

आपण छताकडे पाहतो ते केव्हा? पंखा कुरकुरायला लागला की, नाहीतर पावसाळ्यात वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराचा नकाशा आपल्या छतावर उमटला की. युरोपातल्या राजेरजवाड्यांना आणि धर्मगुरूंना मात्र कोरं छत बघवत नसे. तिथे काहीतरी काढून घ्यायचंच. आणि या कामात त्यांनी पुन्हा पुन्हा गिरवलेला विषय म्हणजे आभाळ. बाहेर फुकट मिळणारं आभाळ भरपूर पैसे मोजून घरात आणायचं!

यातलं माझं आवडतं आभाळ पादुआ गावात आहे. एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनिकाने तिथे प्रार्थनामंदिर बांधलं. त्याचा बाप सावकार, आणि असा नामांकित, की दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात त्याची जागा राखून ठेवली. 1305 साली या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. आतलं रंगकाम जोत्तोचं. वर गडद निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या, हारीने मांडलेल्या, जणू शिंपल्या नाहीत, पेरल्याच. भिंतीवरच्या येशूजन्माच्या एका प्रसंगात ताऱ्याच्या जागी चक्क शेपटीवाला धूमकेतू आहे. 1301 साली हॅलेचा धूमकेतू दिसला होता, तोच जोत्तोने पाहिला असावा असं पुष्कळ जाणकार मानतात. 1986 साली युरोपने हॅलेच्या भेटीला पाठवलेलं यान त्याच्या गाभ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवरून गेलं, त्याचं नाव म्हणूनच ‘जोत्तो’ ठेवलं होतं. चित्रकाराच्या नावाने रस्ते निघतात, चौक निघतात. धूमकेतूच्या शेपटाला हात लावायला गेलेला चित्रकार हा एकटाच.

पुढे माणसं हुशार झाली. नुसतं निळं छत पुरेना. छत फोडून खरंच वर काही आहे असं वाटलं पाहिजे, असा हट्ट सुरू झाला. मान्तोव्हाच्या राजवाड्यात मान्तेन्याने 1474 साली एक खोली पुरी केली. तिच्या छताच्या मधोमध त्याने गोल भोक ‘रंगवलं’ आहे. भोकातून आभाळ दिसतं, आणि कठड्यावरून काही बाया खाली वाकून आपल्याकडे बघून हसताहेत. शेजारी एका काठीच्या आधाराने कुंडी टेकवलेली. आत्ता पडेल की मग पडेल! चाळीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यावरची कुंडी आणि वरच्या मजल्यावरचं हसणं, दोन्हींची धास्ती आम्हाला जन्मजात आहे.

पण या हट्टाचा कळस झाला तो रोममध्ये, आणि तोही कळसच नसलेल्या चर्चमध्ये.

जेझुइट पंथाचे संस्थापक इग्नेशियस यांना 1622 साली संतपद मिळालं, त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच. (जुन्या गोव्यात झेवियरांचं शव आहे त्या बॉम जेझूच्या मुख्य वेदीवर जी मोठी मूर्ती दिसते, ती या इग्नेशियसांची.) त्यांच्या नावाचं चर्च रोममध्ये 1626 साली बांधायला घेतलं. भिंती झाल्या, खांब झाले, आणि घुमटापाशी गाडं अडलं. पैसे संपले असं कोणी सांगतात. शेजाऱ्यांनी उजेड अडेल म्हणून हरकत घेतली असंही सांगतात. दोन्ही कारणं इतकी ओळखीची आहेत, की रोमबद्दल एकदम आपुलकी वाटू लागते.

आता चर्चला घुमट नाही म्हणजे काय करायचं? आंद्रेआ पोत्सो नावाचा एक जेझुइट बंधू होता. चित्रकार, आणि धार्मिक सोहळ्यांसाठी रंगमंचासारखे देखावे उभारण्यात वाकबगार. त्याने 1685 साली एका भल्यामोठ्या कापडावर घुमट रंगवला आणि भोकावर ताणून बसवला! संगीत नाटकात राजवाड्याचा पडदा सोडायचे ना, तसा. फरक एवढाच, की हा पडदा सोडला तो कायमचा, आणि आडवा.

गंमत पुढेच आहे. या रंगवलेल्या घुमटातले खांब पोत्सोने भिंतीतून बाहेर आलेल्या टोड्यांवर उभे केले होते. वास्तुविशारद चिडले. म्हणाले, असल्या टोड्यांवर कोणी खांब ठेवतं का? पोत्सोने आपल्या पुस्तकात हा किस्सा दिला आहे. त्याचा एक चित्रकार मित्र म्हणाला, टोडे मोडून खांब कोसळलेच तर दुरुस्तीचा खर्च मी माझ्या खिशातून देतो. टीकाकाराला इतकं चोख उत्तर मी कलेच्या इतिहासात दुसरं वाचलेलं नाही. आणि मी टीकाच लिहीत असल्यामुळे जरा जपूनच पुढे जातो.

1694 च्या सुमारास पोत्सोने त्याच चर्चचं मुख्य छतही पुरं केलं. खऱ्या भिंती जिथे संपतात तिथून रंगवलेल्या भिंती सुरू होतात, आणि जोड कुठे आहे ते डोळ्याला सापडत नाही. त्यांच्याही वर उघडं आभाळ, ढग, देवदूत आणि स्वर्गाकडे निघालेले इग्नेशियस. चार कोपऱ्यांत चार खंडं. आपला आशिया उंटावर बसवला आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमची परंपरा रोमपर्यंत पोचली होती, हे पाहून ऊर भरून येतो.

हे सगळं खरं वाटण्यासाठी एक अट आहे. जमिनीवर संगमरवरी चकती बसवली आहे, तिच्यावरच उभं राहायचं. घुमटासाठी अशीच दुसरी खूण. चकतीवर उभे राहा, छत उघडतं आणि स्वर्ग दिसतो. चार पावलं बाजूला व्हा, खांब वाकतात, कमानी कलंडतात, अख्खा स्वर्ग दारू प्यायल्यासारखा झुकतो.

माझी तक्रार आहे ती इथे. जोत्तोच्या चांदण्यांखाली कुठेही उभे राहा, त्या तुमच्याच. पोत्सोचं आभाळ मात्र हुकूम सोडतं: इथे उभा राहा, तर दिसेन. ज्या जेझुइट विद्यालयाचं हे चर्च, त्यानेच 1611 साली गॅलिलिओचा सत्कार केला होता. आणि 1633 साली याच रोममध्ये धर्मन्यायालयाने त्याला, पृथ्वी फिरते हे म्हणणं मागे घ्यायला लावलं. सगळं विश्व एका ठरलेल्या जागेवरूनच पाहा, असा आग्रह धरणाऱ्यांना हे छत पसंत पडलं असणार यात नवल नाही.

तरीही पोत्सोवर मला रागावता येत नाही. कारण त्याने ती चकती लपवली नाही. जगात एकाच जागेवरून खरी दिसणारी आभाळं पुष्कळांनी दाखवली, निवडणुकीत तर दर खेपेला दाखवतात. पण ‘बाबा रे, हे फक्त इथूनच खरं दिसतं’ असं जमिनीवर कोरून ठेवणारा माणूस विरळा. फसवणूक आणि कला यांच्यामधलं अंतर त्या चकतीएवढंच आहे.

आणि नियतीला विनोदबुद्धी असते म्हणतात ती अशी. घुमट झालाच नाही, पण त्याचं वजन पेलण्यासाठी बांधलेले भक्कम खांब तसेच उभे होते. 1850 नंतरच्या दशकात आंजेलो सेक्की या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने त्यांच्याच आधाराने चर्चच्या माथ्यावर वेधशाळा उभारली. तिथून त्याने हजारो ताऱ्यांचा प्रकाश तपासून त्यांची वर्गवारी लावली. म्हणजे खाली कापडाचा घुमट, आणि त्याच्या वर दुर्बिणी. खाली ठरवून दिलेलं आभाळ, वर शोधायचं आभाळ. दगडाचा घुमट झाला असता तर दोन्हींना मुकलो असतो.

हल्ली तिथे मोठा तिरपा आरसा ठेवला आहे. लोक रांग लावतात, आरशात खाली पाहून वरचं छत बघतात आणि फोटो काढतात. मानेची सोय झाली हे मान्य. पण रोमला गेलात तर माझं ऐका. आधी मान मोडून चकतीवरून तो स्वर्ग मनसोक्त पाहा. मग मुद्दाम चार पावलं बाजूला सरका आणि तो कोसळताना पाहा. घाबरू नका, दुरुस्तीचा खर्च पोत्सोच्या मित्राकडे आहे.