निविदेची भाषा आणि आपला वाटा

साहित्याची समीक्षा करताना आपण शब्दामागची सत्ता शोधतो. तीच कसोटी सरकारी कागदाला लावली पाहिजे. गुलमंडीच्या दाटीवाटीच्या रस्त्यांवर गटाराची, फरशीची कामे निघतात. खोदणारे हात बहुधा आपल्या वस्त्यांतले असतात. कंत्राटदार म्हणून मात्र आपला माणूस क्वचितच दिसतो. हे का, याचे उत्तर निविदेच्या कागदातच आहे.

बी-१ नमुन्याची निविदा नीट वाचावी. नोंदणी, बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, ऐपतीचा दाखला, केलेल्या कामांचा अनुभव. जातीचा उच्चार कुठेही नाही. पण ज्याच्या बापाच्या नावे सातबारा नाही त्याने ऐपत कशी दाखवावी? ज्याला पहिलेच काम मिळाले नाही त्याने अनुभव कुठून आणावा? आणि देयक महिनोन्महिने अडकले तर मजुरांचा पगार कुठून द्यावा?

हा प्रश्न नवा नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात सरकारी कंत्राटांतील वाट्याचाही मुद्दा होता. आपल्या चळवळीने नोकऱ्या ध्यानात ठेवल्या, कंत्राटे विसरली.

लहान कामांचे नियम सोपे करा, अशी आज मागणी आहे. माझा तिला विरोध नाही. पण सोपे कोणासाठी, हे आधी विचारले पाहिजे. ई-निविदेची मर्यादा वाढवली की डिजिटल स्वाक्षरीची कटकट वाचते, हे खरे. मग मर्यादेखालचे काम कोण कोणाला देणार? पुढारी आणि अभियंता यांच्या ओळखीवर ते जाणार असेल, तर ओळख हीसुद्धा जातीची मालमत्ता आहे. ई-निविदेत निदान तोंड पाहून काम दिले जात नाही.

महाराष्ट्रात लहान कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात वाटण्याची पद्धत आहे. हेतू चांगला. परंतु मजूर संस्थेच्या पाटीमागे मजूरच आहे की एखादा पुढारी, हे कोण तपासते? केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के राखले आहेत. ते वस्तू आणि सेवांपुरते, बांधकामे त्याबाहेर. कर्नाटकाने मात्र कायदाच दुरुस्त केला. ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के राखीव केले. २०२३ मध्ये ही मर्यादा १ कोटीवर नेली.

म्हणून केवळ सोपेपणा पुरेसा नाही. पहिल्या कामाला बयाण्याची सवलत, गवंडीकामाच्या अनुभवाला मान्यता, देयकाला ठराविक मुदत आणि कोणाला कोणते काम दिले याची जाहीर यादी, या चार गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपापल्या वॉर्डातील पाच वर्षांच्या कामांची यादी मागवावी आणि ती वस्तीत मोठ्याने वाचावी. समीक्षेचे हेही एक काम आहे.