क्रमिक पुस्तकातील क्रम : संहिता, प्रश्न आणि वाचक

शालेय पाठ्यपुस्तकाला मराठीत दीर्घकाळ ‘क्रमिक पुस्तक’ म्हटले गेले. जुन्या पिढीच्या बोलण्यात तो शब्द अद्याप टिकून आहे. या संज्ञेतील ‘क्रम’ नेमका कशाचा, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. पाठांचा क्रम, इयत्तांचा क्रम की वाचणाऱ्याच्या जाणिवेचा क्रम? पहिले दोन अभ्यासक्रम-समितीच्या हातात असतात, तिसरा नसतो. पहिले दोन लावले की तिसरा आपोआप लागतो, या गृहीतकावर आपले भाषाशिक्षण उभे आहे. साहित्याच्या दृष्टीने हे गृहीतक तपासणे आवश्यक आहे. मराठी भाषकांपैकी बहुसंख्यांचा साहित्याशी येणारा एकमेव औपचारिक संबंध हा याच पुस्तकांतून येतो आणि समीक्षा म्हणून त्यांना जे ठाऊक असते ते पाठाखालच्या स्वाध्यायातून आलेले असते. असे असूनही आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांनी कवितासंग्रहांची जितकी परीक्षणे छापली, त्याच्या शतांशानेही वाचनमालांकडे लक्ष दिलेले दिसत नाही.

या क्रमाचा इतिहास येथे थोडक्यातच पाहू. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या पुस्तकांत माहिती आणि नीती यांना प्राधान्य होते. भाषा ही त्या दोहोंना वाहून नेणारी गाडी होती. १९३०नंतरच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलाची आवड आणि समकालीन लेखकांचे साहित्य या दोन गोष्टींना पुस्तकात प्रतिष्ठा दिली; हे वळण मूलगामी होते. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि पुढे बालभारती, कुमारभारती, युवकभारती अशी नावांतूनच वय सुचवणारी उतरंड उभी राहिली. १९९१च्या ‘किमान अध्ययन क्षमतां’च्या राष्ट्रीय आराखड्याने भाषेची नऊ क्षेत्रे ठरवली : श्रवण, भाषण, वाचन, लेखन, आकलन, कार्यात्मक व्याकरण, स्वयंअध्ययन, भाषेचा उपयोग आणि शब्दसंपत्ती. महाराष्ट्राचा १९९५चा प्राथमिक अभ्यासक्रम याच क्षमताधिष्ठित विचाराचा. या नऊ क्षेत्रांत साहित्याला स्वतंत्र जागा नाही. कविता असलीच तर ती वाचनात किंवा आकलनात सामावलेली आहे, म्हणजे बसच्या वेळापत्रकाच्या शेजारी.

लुईझ रोझेनब्लाट यांनी १९७८ साली केलेला भेद येथे उपयोगी पडतो. वाचनानंतर काय हाती उरणार यावर लक्ष असलेले वाचन एक, आणि वाचत असताना काय घडते यावर लक्ष असलेले वाचन दुसरे. पहिल्याचे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : मुलाने विषारी द्रव प्यायल्यावर बाटलीवरची चिठ्ठी घाईघाईने वाचणारी आई. तिला उतारा हवा असतो, चिठ्ठीची लय नव्हे. हे वाचन कमी प्रतीचे नाही. त्या क्षणी तेच योग्य आहे. पण कवितेखाली ‘कवीने कशाचे वर्णन केले आहे?’, ‘या कवितेतून कोणता संदेश मिळतो?’ असे प्रश्न छापून आपण विद्यार्थ्याला प्रत्येक कविता त्या चिठ्ठीसारखी वाचायला लावतो. पाठाखालचा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो एक वाङ्मयसिद्धांतच असतो. साहित्यकृती म्हणजे काय, तिचा अर्थ कोठे राहतो आणि तो काढण्याचा अधिकार कोणाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आधीच दिलेली असतात.

इयत्तावार श्रेणी लावताना प्रचलित पद्धत काय करते? वरच्या इयत्तेत पाठ लांब होतो, शब्द अवघड होतात, संस्कृतप्रचुरता वाढते, काळ मागे सरकतो. काठिण्य हे संहितेतच, आणि तेही तिच्या शब्दांतच असते, असे यामागे मानलेले असते. या समजुतीला सर्वांत चोख उत्तर देणारी कविता बालकवींची ‘औदुंबर’ होय.

आठ ओळींची ही कविता. तिच्यातील बहुतेक शब्द चौथीतल्या मुलालाही अडत नाहीत : झरा, गाव, टेकडी, शेतमळे, पायवाट, कुरण, डोह. श्रेणी शब्दांवर ठरवायची तर ही कविता प्राथमिक शाळेच्या पुढे जाऊच नये. तरीही मराठी समीक्षेने या आठ ओळींवर जितके लिहिले तितके कित्येक खंडकाव्यांवर लिहिले नसेल. कोणाला ती निखळ निसर्गचित्र वाटली, कोणाला तिच्यात मृत्यूची छाया दिसली, कोणाला संसारापासून अलिप्त होऊन बसलेला विरक्त, तर कोणाला कवीच्या औदासीन्याचे प्रतीक. म्हणजे संहिता सोपी आणि वाचन अवघड. काठिण्याचे माप शब्दांत नसून संहिता आणि वाचक यांच्यामध्ये जे घडते त्यात आहे, हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

आता असे कल्पू की ही एकच कविता चार टप्प्यांवर शिकवायची आहे आणि बदलायचे आहेत ते फक्त प्रश्न. तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारता येईल : यात किती रंग आहेत? पायवाट कोठून निघाली, कोठे चालली? तिचा नकाशा काढ. आणि, या गावात तुला कोण कोण दिसले? हा शेवटचा प्रश्न मुलांना गप्प करणारा आहे. घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे. माणूस एकही नाही. संपूर्ण कवितेत माणसासारखे काही करणारे कोणी असेल तर ते झाड आहे. पाय पाण्यात टाकून बसणे ही क्रिया कवीने त्याला दिली आहे. हे मुलाने स्वतः शोधले तर ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द त्याला ठाऊक नसला तरी काही बिघडत नाही. शब्द आधी आणि शोध नंतर, किंवा शोध कधीच नाही, अशी आपली रीत झाली आहे, एवढेच.

सातवी-आठवीत प्रश्न बदलेल. पाहणारा कोठे उभा आहे? त्याची नजर दूर जाते की जवळ येते? रंग हिरव्यातून काळ्याकडे कोणत्या ओळीपासून वळतात? आणखी एक : कवीने ‘उंबर’ न म्हणता ‘औदुंबर’ का म्हटले असावे? खेड्यातल्या मुलाला उंबर रोजच्या ओळखीचा असतो. त्याची फळे फोडली की आत किडे निघतात, हेही त्याला माहीत असते. ‘औदुंबर’ म्हणताच दत्तस्थान येते, पार येतो, कृष्णाकाठचे त्याच नावाचे क्षेत्र येते. शब्दार्थांच्या यादीत ‘औदुंबर – उंबराचे झाड’ असे लिहून टाकले की हा प्रश्न मरतो. शब्दसूची ही मदत आहे असे आपण समजतो. पुष्कळदा ती विचारण्याजोग्या जागा बुजवण्याचे काम करते.

दहावीच्या सुमारास असे विचारता येईल की पायवाट गावाकडे न नेता डोहाकडे का नेली आहे आणि पाण्यावर पसरलेल्या काळेपणाला कवी गोड का म्हणतो. त्या एका विशेषणाशी निखळ निसर्गचित्राचा अन्वय अडखळतो आणि मृत्यूच्या छायेचाही अडखळतो. बारावीत हे दोन्ही अन्वय विद्यार्थ्यापुढे ठेवावेत आणि कोणत्या ओळी कोणाला आधार देतात, कोणत्या ओळी दोघांच्याही पकडीतून सुटतात, हे दाखवायला सांगावे. पदव्युत्तर वर्गात मग प्रश्नाचाच प्रश्न करता येतो : औदुंबर ‘कशाचे प्रतीक आहे’ असे विचारण्याची सवय मराठी समीक्षेला कोणत्या काळात, कोणत्या सौंदर्यविचारामुळे लागली?

जेरोम ब्रूनर यांनी १९६०मध्ये ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, ती हीच. कोणत्याही विषयाचा गाभा कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो आणि पुढे त्याच गाभ्याकडे अधिक समज घेऊन परतता येते. या विधानातील ‘प्रामाणिक’ हा शब्द निसटता कामा नये. आपल्याकडे पुनरावृत्ती आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम, बहिणाबाई चौधरी इयत्तांमागून इयत्तांना भेटत राहतात. परंतु पुनरावृत्ती म्हणजे सर्पिलता नव्हे. तुकोबांचा झाडावेलींना सोयरे म्हणणारा अभंग घ्या. लहान वर्गात तो ‘झाडे लावा’ या संदेशापाशी थांबतो, हे एक वेळ समजू शकते. मोठ्या वर्गातही तो ‘पर्यावरणरक्षण’ या जड शब्दात तेथेच थांबतो. अभंगाचा शेवट एकांतात मनाने मनाशी केलेल्या संवादावर होतो, याकडे जायला प्रश्नच नसतो. एकच पायरी वेगवेगळ्या रंगांनी रंगवून तिला जिना म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

२०१८-१९पासून दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेच्या जागी ‘कृतिपत्रिका’ आली. तिला न्याय दिला पाहिजे. अपठित उताऱ्याला तिने स्थान दिले, ‘स्वमत’ मागितले, पाठांतराची पकड ढिली करण्याचा हेतू स्पष्टपणे बाळगला. कवितेच्या बाबतीत मात्र कवी, विषय, ओळींचा सरळ अर्थ, संदेश, आवडण्याचे कारण अशा मुद्द्यांची चौकट आली आणि रसग्रहणासाठी ‘आशयसौंदर्य’, ‘काव्यसौंदर्य’, ‘भाषिक वैशिष्ट्ये’ असे तीन कप्पे रूढ झाले. आशय एकीकडे, काव्य दुसरीकडे आणि भाषा तिसरीकडे! मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून पुढे किमान दोन पिढ्यांनी आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करता येत नाही असे कंठरवाने सांगितले; त्या चर्चेचा एक थेंबही या कप्प्यांपर्यंत झिरपलेला नाही. ‘औदुंबर’चा संदेश काय, याचे उत्तर द्यायला बसलेल्या विद्यार्थ्याची अवस्था डोळ्यांपुढे आणावी. तो काहीतरी लिहितोच, कारण जागा रिकामी सोडली तर गुण जातात. ‘निसर्ग आपला मित्र आहे.’ गाइडमध्ये तसे असतेच.

यात एक सामाजिक बाजूही आहे आणि ती केवळ अभिरुचीची नाही. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य व नीती यांचा समावेश मागितला. शिकणारा कोण आणि तो कोठून येतो, हे अभ्यासक्रमाने आधी पाहिले पाहिजे असा त्या मागणीचा रोख होता. आपल्या श्रेणीव्यवस्थेत वय आहे, शिकणाऱ्याचे घर नाही. शब्दाच्या अवघडपणावर इयत्ता ठरते तेव्हा तो कोणाला अवघड, हा प्रश्न गाळलेला असतो. बहिणाबाईंची खानदेशी बोली जळगावच्या मुलाला सोपी आणि पुण्याच्या मुलाला अवघड. पण अर्थसूची नेहमी पुण्याच्या मुलासाठी असते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापाशी शब्दांचा साठा कमी आहे, असे हे माप त्याला सांगते. त्याच्यापाशी डोह, कुरण आणि उंबर यांचा जो प्रत्यक्ष अनुभव आहे तो मापातच येत नाही. प्रश्न हे श्रेणीचे माप झाले, तर याच विद्यार्थ्याचा वर्गातील अधिकार बदलेल.

पाठ्यपुस्तकाबाहेर वेगळे प्रयत्न झाले आहेत. १९८५ साली कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सुरू केलेली ‘सृजन आनंद’ शाळा हा एक. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेली ‘वाचू आनंदे’ ही मालिका दुसरा. तिने बालगट आणि कुमारगट एवढ्या दोनच पायऱ्या मानल्या आणि चांगल्या लेखकांच्या उताऱ्यांशेजारी चित्रकलेचे नमुने ठेवले. संपादकाला वाचकावर विश्वास ठेवता येतो तेव्हा पायऱ्या कमी लागतात, असा मी त्याचा अर्थ घेतो. परंतु या पुस्तकाला गुण द्यायचे नव्हते, हे विसरून तुलना करणे अन्यायाचे होईल. मंडळाच्या परीक्षेत लाखो उत्तरपत्रिका थोड्या आठवड्यांत, शेकडो परीक्षकांकडून, शक्य तितक्या सारख्या मापाने तपासायच्या असतात. मोकळ्या प्रश्नाला सर्वांत मोठा आणि खरा अडथळा हाच आहे. शिक्षकांच्या अरसिकतेवर सारे खापर फोडणे सोपे असले तरी खोटे आहे.

हा अडथळा दुर्लंघ्य आहे काय? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि १९२९च्या ग्रंथात त्यांच्या प्रतिसादांचे पृथक्करण केले. साचेबंद प्रतिसाद, ओळीतील साध्या अर्थाकडे दुर्लक्ष, सिद्धांताची पूर्वग्रहदूषित घाई – दोषांची ही वर्गवारी बहुतेक ठिकाणी ‘मत बरोबर की चूक’ याला बगल देऊन करता आली. आपल्याकडेही ‘औदुंबर’च्या उत्तराला गुण देताना अन्वय कोणता निवडला हे न पाहता त्याला ओळींचा आधार किती दिला, विरोधी ओळीची दखल घेतली की नाही, एवढे पाहता येईल. हे निकष दोन परीक्षकांना सारखे वापरता येतात. फक्त असे नमुना-उत्तर लिहायला कविता वाचणारा माणूस लागतो. पाठ निवडणाऱ्या समितीत साहित्यिक आणि प्राध्यापक बसतात. स्वाध्याय आणि गुणदानाच्या सूचना पुष्कळदा पाठनिवड संपल्यावर, मुद्रणाच्या तारखेला टेकून तयार होतात. एम.ए.च्या पहिल्या वर्षी न वाचलेल्या कवितेपुढे थिजून ‘ही कोणत्या कवीची?’ असे विचारणारा विद्यार्थी त्या घाईतून घडलेला असतो आणि काही वर्षांनी त्याच्यापैकी काही जण बी.एड. करून त्याच वर्गांत शिकवायला परततात.