साक्ष आणि मंडळी : मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाविषयी काही विचार

साक्ष म्हटली की सामान्य मराठी माणसास प्रथम कचेरी आठवते. साक्षीदार शपथ घेतो, पाहिले तेवढे सांगतो आणि मग त्याची उलटतपासणी होते. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीत हाच शब्द उपासनेत आला. उलटतपासणी मात्र बाहेर राहिली. प्रार्थनासभेत एखादा बंधू अथवा भगिनी उभी राहून देवाने आपणास कसे हाताशी धरले ते सांगते, आणि ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात. कथनाचा शेवट काय होणार हे सर्वांस आधीच ठाऊक असते. असे असता ते पुनःपुन्हा का ऐकले जाते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा होता. आपल्याकडे तो फारसा विचारला गेलेला नाही. या साक्षींपैकी ज्या पुस्तकरूपाने उरल्या त्यांना आपण ‘आत्मचरित्र’ या कप्प्यात ठेवले आणि ज्या मंडळीपुढे त्या उच्चारल्या गेल्या ती मंडळीच नजरेआड केली.

साक्षीला एक ठरलेला साचा असतो. आधीचा अंधार, मग शंका, कोणाची तरी भेट किंवा एखादे पुस्तक, पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि शेवटी शांती. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या आत्मवृत्ताचे ‘अरुणोदय’ हे नावच या साच्यातून निघाले आहे. १८५४ मधील बेळगावच्या बाप्तिस्म्याकडे सारे कथन वाटचाल करते. परंतु या ग्रंथाचा लेखक आपल्या अंधाराविषयी इतक्या आस्थेने व तपशिलाने लिहितो की अंधार उजळूनच निघतो. घरातील देवपूजा, व्रते, वैष्णव पित्याची श्रद्धा हे सारे टाकून देण्यासाठी सांगितले जात आहे, असे वाचताना क्वचितच वाटते. आपले इतिहासकार या ग्रंथाकडे वळले ते बहुधा परमहंस मंडळीच्या माहितीसाठी. पदमनजी त्या गुप्त मंडळीचे सभासद होते. माहिती म्हणून त्यांनी तो वापरला हे योग्यच झाले. मात्र एक मंडळी सोडून दुसऱ्या मंडळीत जाणारा हा तरुण आपली कथा दुसऱ्या मंडळीस सांगत आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पहिलीचे त्याने केलेले वर्णन नीट तोलता येणार नाही.

पंडिता रमाबाईंची १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेली साक्ष याहून अधिक गुंतागुंतीची आहे. ती मूळ इंग्रजीत लिहिलेली, म्हणजे तिचे श्रोते केडगावच्या सीमेपलीकडेही होते. रमाबाई ही पुराणिकाची मुलगी. आईबाप व भावंडे यांच्यासह तीर्थोतीर्थी हिंडून देवळांत पुराणे वाचण्यात तिचे बालपण गेले. श्रोतृवर्गापुढे कथा कशी सांगावी हे तिला मिशनऱ्यांनी शिकविले नाही. या साक्षीत साच्याला खरा तडा जातो तो बाप्तिस्म्याच्या ठिकाणी. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी भगिनीसंघाने चालविलेले कार्य तिने पाहिले होते आणि शमरोनी स्त्रीची कथा ऐकली होती. अन्य कोणाची साक्ष येथे संपली असती. रमाबाई सांगते, की त्यानंतर आठ वर्षांनी तिच्या ध्यानात आले की आपणास धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे विधान मंडळीपुढे करणे सोपे नव्हे. ज्यांनी बाप्तिस्मा दिला, ज्यांनी त्याचा गाजावाजा केला, त्या सर्वांना यातून कळते की ज्या क्षणाला आपण शेवट समजलो तो शेवट नव्हता.

तथापि येथेही एक साक्ष दुसऱ्या साक्षीच्या मागे उभी आहे. हॅस्लॅम नावाच्या एका इंग्लिश धर्मगुरूचे आत्मवृत्त या काळात आपल्या वाचनात आल्याचे रमाबाई नमूद करते. हा गृहस्थ धर्मगुरू असूनही पुढे स्वतःच परिवर्तन पावला होता. म्हणजे साचा मोडण्याचाही एक साचा तिच्या हाती आला होता. म्हणून तिचा अनुभव उसना ठरतो काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. तुकोबांची शिष्या बहिणाबाई आपले जीवन अभंगांतून सांगते तेव्हा तीही संतमंडळींच्या परिचित भाषेतच बोलते. पण पतीच्या रागाची व तिच्या धास्तीची कथा त्या भाषेला एकट्या तिनेच दिली. सांगण्याची रीत सर्वांची असते. त्या रीतीला बोलणाऱ्याची स्मृती कोठे अडते, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) या ग्रंथाची थोरवी तो धर्मप्रचारापासून दूर राहिल्यामुळे आहे, असे म्हणण्याची आपल्यात रूढी पडली आहे. ही प्रशंसा वरवर उदार वाटते. तिच्या पोटी साक्षीविषयीचा तिटकारा आहे. लक्ष्मीबाईंनी साक्षच दिली आहे. फक्त तिचा बाप्तिस्मा ग्रंथाच्या मध्यावर येऊन जातो, आणि संसार, भांडणे, माणसे, हशा पुढे तसाच चालू राहतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर पतिपत्नींची जी ताटातूट झाली, तिचे वर्णन करताना ही बाई आपल्या जुन्या श्रद्धेला अंधार म्हणत नाही. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे हा तिचा प्रश्न. तो सुटतो तोही विचाराने आणि तहानेने, वादविवादाने नव्हे. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. अशा मंडळीपुढे बाप्तिस्मा हा कथेचा कळस होऊ शकत नाही. ‘स्मृतिचित्रां’चा घाट लेखिकेच्या स्वभावातून आला हे खरे, पण ऐकणारी मंडळी रुंदावल्यामुळेही तो शक्य झाला, असे आमचे मत आहे.

एक अडचण मात्र उरते आणि ती लहान नाही. वर चर्चिलेले तिन्ही लेखक साक्षर, वाचणारे, आपल्या घरादाराशी एकट्याने झगडलेले. ‘मी वाचले, मी शंकलो, मी निघालो’ हा साचा त्यांना साजून दिसतो. अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार व मांग समाजांतील कुटुंबांनी. तेथे अनेकदा भावकी मिळून निर्णय घेत असे. त्यांची साक्ष ‘आम्ही’ची होती. ती प्रार्थनासभांतून बोलली गेली, आणि लिहिली गेली तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या हातून, इंग्रजी अहवालांत, कोणा उपदेशकाच्या यशाचा पुरावा म्हणून. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक चाळताना आपण लेखकांची नावे शोधतो. त्याऐवजी बातमीच्या एखाद्या ओळीत, पत्राच्या कोपऱ्यात, कोण कोणासमोर उभे राहून काय बोलले याची नोंद शोधली, तर मराठी आत्मचरित्राचा आरंभ कोठून धरावा याविषयीचा आपला आजचा क्रम कदाचित बदलावा लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम अंगावर घ्यावे, आणि घेताना नगर जिल्ह्यातील वृद्ध पाळकांना व त्यांच्या मंडळीतील आजीबाईंना प्रथम भेटावे. छापील कागदापेक्षा त्यांच्या आठवणी लवकर संपणार आहेत.